पीएचडीचा डेटा पहिल्या आठवड्यापासून कसा सांभाळावा: पुण्यातल्या नव्या संशोधकांसाठी

दरवर्षी उन्हाळ्याच्या सुमारास मला एकाच प्रकारचे फोन येतात. थिसिस जमा करायची तारीख तोंडावर आलेली असते, पेपर स्वीकारायच्या बेतात असलेलं जर्नल म्हणतं, ‘डेटा सार्वजनिक ठिकाणी ठेवा आणि दुवा पाठवा’, आणि समोरचा विचारतो, ‘कुठं टाकू आणि कसा टाकू?’ कुठं टाकायचा हे दहा मिनिटांत सांगता येतं. खरी अडचण मागे असते. तीन वर्षांपूर्वी घेतलेल्या संमतीपत्रात डेटा कोणाला देणार नाही असं लिहिलेलं असतं, शीटमधल्या पिवळ्या ओळींचा अर्थ कोणालाच आठवत नसतो, आणि मूळ फाइल कुठली हे नक्की सांगता येत नसतं. डेटा खुला करण्याचं काम शेवटच्या महिन्याचं नाही. त्याचा बराचसा निकाल पहिल्या आठवड्यातच लागतो. म्हणून हा लेख आत्ता प्रवेश घेतलेल्यांसाठी आहे.

माझं काम शेती आणि पाण्याच्या सर्वेक्षणांचं, त्यामुळे उदाहरणं तिकडची जास्त येतील. पाषाणच्या लॅबमध्ये बसणाऱ्यांना आणि डेक्कन परिसरात हस्तलिखितं वाचणाऱ्यांनाही पायऱ्या याच लागू पडतात.

खुल्या डेटाची ताकद बघायला लांब जायला नको. हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाने तयार केलेला, १९०१ पासूनचा दैनंदिन पावसाचा चौकटवार डेटा कोणालाही उतरवून घेता येतो. आज महाराष्ट्रात दुष्काळावर काम करणारा क्वचितच कोणी असेल ज्याने तो वापरला नाही. खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीची निरीक्षणं आधी १८ महिने ती घेणाऱ्या गटासाठी राखीव असतात आणि त्यानंतर इतरांना खुली होतात. ही पद्धत मला फार आवडते. ज्याने कष्ट केले त्याला आधी वेळ मिळतो, आणि नंतर सगळ्यांना.

सुरुवातीला हाताशी काय हवं

- ऑर्किड क्रमांक, म्हणजे संशोधकाची कायमची ऑनलाइन ओळख. १६ अंकी, फुकट, पाच मिनिटांत मिळतो. नोंदणी वैयक्तिक ईमेलवर करा, संस्थेचा ईमेल दुसरा म्हणून जोडा.
- मंजूर सिनॉप्सिस आणि फेलोशिप किंवा प्रकल्पाचं मंजुरीपत्र, अटींच्या पानांसकट.
- माणसांशी संबंधित काम असेल तर एथिक्स कमिटीचं मंजुरीपत्र.
- दोन बाह्य हार्ड डिस्क.
- लिब्रेऑफिस किंवा एक्सेल, विस्कळीत शीट साफ करणारं ओपनरिफाइन, आणि साधा मजकूर लिहायला एखादा टेक्स्ट एडिटर.

१. डेटा कोणाचा, हे लेखी विचारून घ्या

पीएचडीचा डेटा आपलाच, असं बहुतेकांनी गृहीत धरलेलं असतं. त्यावर गाइडचा, संस्थेचा, निधी देणाऱ्याचा, कधी एखाद्या कंपनीचाही हक्क असू शकतो. गाइडना तीन प्रश्न ईमेलने विचारा: हा डेटा मला प्रकाशित करता येईल का, कधी करता येईल, आणि मी इथून गेल्यावर प्रत कोणाकडे राहील? उत्तर तोंडी मिळालं, तर ‘आज बोलल्याप्रमाणे’ अशी सुरुवात करून तेच मुद्दे मेलने परत पाठवा. यात अविश्वास काही नाही. चार वर्षांत गाइड निवृत्त होतात, बदलून जातात, प्रकल्प संपतात.

मंजुरीपत्रातल्या अटी वाचा. केंद्राच्या डीबीटी (जैवतंत्रज्ञान) आणि डीएसटी (विज्ञान व तंत्रज्ञान) या दोन विभागांचं खुल्या उपलब्धतेचं धोरण २०१४ पासून आहे, आणि त्यांच्या निधीतून झालेल्या संशोधनाच्या पेपरची प्रत रिपॉझिटरीत, म्हणजे खुल्या ऑनलाइन संग्रहात, ठेवावी अशी त्यात अपेक्षा आहे.

२. दोन पानांचा डेटा आराखडा

मोठा दस्तऐवज नको. कोणता डेटा गोळा होणार, अंदाजे किती, कोणत्या स्वरूपात, कुठे ठेवणार, कोणाला दिसणार, शेवटी कुठे जमा करणार, एवढं लिहा. दर सहामाहीला आरएसीसमोर (तुमच्या संशोधन सल्लागार समितीसमोर) प्रगती मांडता, तेव्हा हीच दोन पानं उघडून सुधारा.

या टप्प्यावर ‘फेअर’ हा शब्द कानावर येईल. ही तत्त्वं २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली: डेटा सापडावा, मिळवता यावा, दुसऱ्या डेटाशी जोडता यावा आणि पुन्हा वापरता यावा. फेअर म्हणजे सगळं जगासमोर मांडणं, असा गैरसमज फार आहे. रुग्णांच्या नोंदी कुलपात ठेवूनही फेअर असू शकतात. त्या आहेत याची नोंद सापडली पाहिजे आणि त्या मागायच्या कशा हे स्पष्ट लिहिलेलं पाहिजे.

३. संमतीपत्र

माणसांशी बोलणार असाल तर हा टप्पा सगळ्यात जपून करा, कारण नंतर तो सुधारता येत नाही. सीनियरकडून मिळालेल्या तयार नमुन्यात बहुधा एक वाक्य असतं: ‘आपली माहिती केवळ या संशोधनासाठी वापरली जाईल व संशोधन संपल्यावर नष्ट केली जाईल.’ ऐकायला जबाबदारीचं वाटतं. पण त्यावर सही घेतली की डेटा खुला करायचा रस्ता बंद. दिलेला शब्द मोडायचा नाही, आणि दोनशे घरी पुन्हा जाऊन नवी संमती घेणं जवळपास अशक्य.

त्याऐवजी असं काहीतरी लिहा, आणि एथिक्स कमिटीकडून आधीच मंजूर करून घ्या:

‘तुमचं नाव, फोन नंबर आणि पत्ता काढून टाकल्यानंतर या मुलाखतीतली माहिती इतर संशोधकांना अभ्यासासाठी दिली जाऊ शकते. याला तुमची संमती आहे का? होय / नाही. नाही म्हटलंत तरी मुलाखतीत भाग घेता येईल.’

शेवटचं वाक्य गाळू नका. मुलाखतीची, आवाज रेकॉर्ड करण्याची आणि माहिती इतरांना देण्याची संमती वेगवेगळ्या चौकटीत घ्या. सगळं एका सहीत गुंडाळलं की सही करणाऱ्याला निवडच उरत नाही. किती तारखेपर्यंत माघार घेता येईल तेही लिहा, कारण डेटा एकदा प्रसिद्ध झाला की परत बोलावता येत नाही. वाचता न येणाऱ्या व्यक्तीला सगळं वाचून दाखवा, अंगठा घ्या आणि संशोधनाशी संबंध नसलेल्या साक्षर साक्षीदाराची सही घ्या.

भाषा बोलीतली ठेवा. ‘विदा सामायिकीकरण’ असं लिहिलेल्या कागदावर आंबेगावच्या आजी सही करतील, पण ती संमती म्हणायची का?

आणि आधार क्रमांक मागू नका. तुमच्या विश्लेषणाला तो लागत नाही, आणि घेतला की सांभाळण्याची जबाबदारी तुमच्यावर. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संशोधनासाठी सवलत आहे, पण ती ठरवून दिलेली मानकं पाळण्याच्या अटीवर.

४. फोल्डर आणि फाइलींची नावं

चार फोल्डर पुरतात: मूळ, स्वच्छ, कोड, निष्कर्ष. ‘मूळ’मध्ये फाइल एकदा पडली की तिला हात लावायचा नाही, तिची ‘रीड ओन्ली’ खूण चालू करून ठेवा. प्रत्येक दुरुस्ती ‘स्वच्छ’मधल्या प्रतीवर.

फाइलचं नाव तारखेने सुरू करा, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने: २०२४-०८-१२_जुन्नर_मुलाखत_०७. असं केलं की फाइली आपोआप कालक्रमाने लागतात. प्रत्यक्षात नावं इंग्रजी अक्षरांत आणि अंक 0 ते 9 असे ठेवा आणि मोकळ्या जागा टाळा. फाइलच्या आत देवनागरी बिनधास्त वापरा, पण नावात ती असली की काही जुनी सॉफ्टवेअर अजून अडखळतात. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘सरांनी बघितलेली फायनल’ या नावांवर पहिल्याच दिवशी फुली मारा.

५. शीट भरताना

इथे थोडं थांबू, कारण सगळ्यात जास्त डेटा इथेच बिघडतो आणि तो बिघडलेला दिसत नाही.

जमिनीच्या रकान्याचंच बघा. शेतकरी सांगतो, ‘दोन एकर वीस गुंठे.’ मुलाखत घेणारा लिहितो २.२०. दुसऱ्या गावात दुसरा मुलगा तेवढ्याच जमिनीला ‘अडीच’ ऐकतो आणि २.५ लिहितो. एकराला ४० गुंठे, म्हणजे दोन्ही बरोबरच. पण संगणक २.२० ला दोन एकर आठ गुंठेच समजणार, आणि एका ओळीत १२ गुंठे गायब. भर म्हणजे सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं, तिथे हेक्टरला १०० आर, त्यामुळे १.२० हा आकडा दशांश म्हणून अगदी बरोबर. एकाच रकान्यात दोन्ही पद्धती मिसळल्या की नंतर कुठलं सूत्र लावायचं हे सांगता येत नाही. उपाय साधा: एकर आणि गुंठे असे दोन वेगळे रकाने, तिसरा हिशेबाने काढलेला, आणि माहिती तोंडी मिळाली की सातबाऱ्यावरून घेतली ते सांगणारा चौथा.

गावांचंही तसंच. पुणे जिल्ह्यात वडगाव किती तरी. शीटमध्ये ‘वडगाव बुद्रुक’, ‘वडगाव बु.’ आणि नुसतं ‘वडगाव’ येतं. त्यातलं नुसतं ‘वडगाव’ हे बुद्रुक की शेरी की मावळ? गावाच्या नावाशेजारी २०११ च्या जनगणनेतला सहा अंकी ग्राम संकेतांक ठेवा. तो असला की तुमचा डेटा जनगणनेच्या आकड्यांशी थेट जोडता येतो. एकाच गोष्टीची दहा रूपं आधीच झाली असतील तर ओपनरिफाइन ती शोधून शेजारी शेजारी मांडतं. कुठली एक करायची ते तुम्ही ठरवायचं.

बाकीचे सापळे थोडक्यात:

- रंगांना अर्थ देऊ नका. शीटची सीएसव्ही (रकाने स्वल्पविरामाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) केली की रंग उडतात. ‘शंकास्पद’ असा रकाना करा, त्यात होय/नाही आणि कारण.
- सेल मर्ज करू नका. एका ओळीत एक नोंद, एका रकान्यात एक गोष्ट.
- शून्य, रिकामं आणि ‘उत्तर दिलं नाही’ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पाऊस पडला नाही आणि पाऊस मोजला नाही यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. उत्तर नसेल तिथे काही जण -९९ टाकतात. मी ते टाळायला सांगते, कारण तो कधीतरी सरासरीत शिरतोच. सेल रिकामा ठेवून शेजारच्या रकान्यात कारण लिहा.
- ०५/०६/२०२४ म्हणजे पाच जून की सहा मे, हे संगणकाच्या सेटिंगवर ठरतं. तारीख नेहमी वर्ष-महिना-दिवस.
- आकड्यांत १,००,००० असे स्वल्पविराम नकोत. हाताने लिहिलेल्या सीएसव्हीत ते रकाने फोडतात, आणि नाही फोडले तरी पुढचं सॉफ्टवेअर त्याला मजकूर समजतं.

हे नवशिक्यांचेच प्रश्न आहेत असं समजू नका. एक्सेल काही जनुकांच्या नावांची परस्पर तारीख करतं. २०१६ मध्ये झालेल्या तपासणीत एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या पेपरपैकी साधारण एकपंचमांशात ही चूक सापडली. शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीने त्या जनुकांचीच नावं बदलली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये जुन्या एक्सेल स्वरूपाच्या ओळींची मर्यादा संपल्याने कोविडचे जवळपास १६,००० रुग्ण अहवालातून गळले, आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांना कळवायला उशीर झाला.

६. मराठी मजकूर जपताना

मुलाखती मराठीत टाइप करणार असाल तर पहिली अट: युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखीच वाचली जाणारी अक्षरपद्धती. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर निरर्थक रोमन अक्षरांचा ढीग दिसतो. टायपिंग बाहेर देत असाल तर पैसे ठरवण्याआधी हे ठरवा.

दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. ‘शेतकऱ्याने’ हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो: एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर असतं, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच. शोध घेतलात तर मात्र अर्धेच सापडतात, आणि मुलाखतींमध्ये एखादा शब्द किती वेळा आला ही तुमची मोजणी चुकते. सगळं टाइप झालं की एका रूपाचं दुसऱ्यात ‘शोधा आणि बदला’ करून घ्या, आणि ते केल्याचं लिहून ठेवा.

सीएसव्ही साठवताना एक्सेलमध्ये ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच पर्याय निवडा. नुसती सीएसव्ही निवडली की देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात, आणि ती पुन्हा अक्षरं होत नाहीत. आकडे शीटमध्ये इंग्रजी (0 ते 9) अंकांतच भरा, देवनागरी अंकांची बेरीज बहुतेक ठिकाणी होत नाही.

७. रीडमी आणि रकान्यांचा कोश

प्रत्येक प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये रीडमी नावाची साधी मजकूर फाइल हवी: डेटा कोणी, कधी, कुठे, कशाने गोळा केला, कोणत्या नोंदी वगळल्या आणि का वगळल्या. सोबत रकान्यांचा कोश: रकान्याचं नाव, अर्थ, एकक, शक्य असलेली उत्तरं. ‘उत्पन्न’ असं लिहून चालत नाही. वर्षाचं की हंगामाचं? घराचं की एका माणसाचं? खर्च वजा करून की न करता? जे ज्या दिवशी ठरलं ते त्याच दिवशी लिहा.

८. बॅकअप

तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. लॅपटॉप आणि हार्ड डिस्क एकाच सॅकमध्ये घेऊन स्वारगेटहून एसटीत बसणं हा बॅकअप नाही. एक डिस्क खोलीवर, दुसरी घरी किंवा गाइडच्या कपाटात, तिसरी प्रत क्लाउडवर. संस्थेच्या खात्यावर विसंबू नका. अनेक ठिकाणी नोंदणी संपली की खातं बंद होतं, आणि त्याची सूचना त्याच खात्यावर येते.

दर दोन-तीन महिन्यांनी बॅकअपमधली एखादी फाइल खरोखर उघडून बघा. नावं आणि फोन नंबर असलेली यादी मात्र बाकीच्या डेटापासून वेगळी, पासवर्डने कूटबद्ध केलेल्या जागी. व्हॉट्सॲपवर ती कधीही पाठवू नका, मुलाखत घेणाऱ्या मुलांनाही नाही.

९. ओळख पुसणं

नाव काढलं की काम झालं, असं नसतं. ‘स्त्री, ४२, आशा सेविका’ आणि शेजारी गावाचं नाव असेल, तर त्या गावातल्या कोणालाही ती कोण ते कळतं. सरपंचांचंही तेच. गावाऐवजी तालुका ठेवा, वयाचे गट करा, एकट्या पडणाऱ्या व्यवसायांना मोठ्या गटात घाला. जात, गाव आणि जमीन हे तीन रकाने एकत्र बाहेर जात असतील तर विशेष काळजी घ्या. तिघांच्या जुळणीतून एकच घर उरतं का, हे शीटमध्ये फिल्टर लावून तपासा.

वनस्पतींवर काम करणाऱ्यांनाही हे लागू आहे. सह्याद्रीतल्या दुर्मिळ कंदीलपुष्पांची अचूक जीपीएस ठिकाणं खुली टाकली तर संशोधकांआधी कंद उकरणारे पोचू शकतात. तिथे निर्देशांक मुद्दाम ढोबळ करा, आणि ढोबळ केल्याचं रीडमीत सांगा.

१०. जमा कुठे करायचं

तुमच्या विषयाची खास रिपॉझिटरी असेल तर आधी ती. जनुकीय क्रमांसाठी फरिदाबादचं भारतीय जैविक डेटा केंद्र आहे, प्रथिनांच्या रचनांसाठी प्रोटीन डेटा बँक. विषयाचं असं ठिकाण नसेल तर सगळ्या विषयांसाठीचं झेनोडो. हे सर्न ही युरोपातली अणुसंशोधन संस्था चालवते, २०१३ पासून सुरू आहे, फुकट आहे, आणि एका नोंदीत ५० जीबीपर्यंत डेटा मावतो. त्याची सरावासाठी वेगळी प्रतिकृतीही आहे, ‘सँडबॉक्स’ नावाची. पहिल्यांदा तिथे करून बघा, कारण खऱ्या झेनोडोवर प्रसिद्ध झालेल्या फाइली तुम्हाला सहज काढता-बदलता येत नाहीत, नवी आवृत्ती टाकावी लागते. आणि ते योग्यच आहे: ज्याने तुमची पहिली आवृत्ती वापरली त्याला ती तशीच सापडली पाहिजे.

प्रत्येक नोंदीला डीओआय, म्हणजे कायमचा ओळख क्रमांक आणि दुवा, मिळतो. तो प्रसिद्धीच्या आधीच राखून ठेवता येतो, म्हणजे पेपरच्या मसुद्यात घालता येतो. पेपर येईपर्यंत फाइली बंद ठेवायच्या असतील तर तारीख घालून तसंही करता येतं. कोड गिटहबवर (कोड ठेवायच्या संकेतस्थळावर) असेल तर उत्तम, पण गिटहब हा संग्रह नव्हे. त्याला झेनोडो जोडून कोडच्या त्या आवृत्तीलाही डीओआय घ्या.

परवाना न विसरता निवडा. परवाना नसलेला डेटा वापरायला प्रामाणिक माणूस कचरतो. डेटाला क्रिएटिव्ह कॉमन्सचा सीसी बाय ४.० बहुतेकांना पुरतो: श्रेय द्या आणि वापरा. कोडला एमआयटी परवाना. ‘व्यावसायिक वापर नको’ ही अट घालावीशी वाटते, पण मी घालत नाही. व्यावसायिक म्हणजे काय यावर एकमत नाही, आणि त्या भीतीने शेतकरी संघटना नाहीतर छोटं वृत्तपत्रही तुमचा डेटा बाजूला ठेवतं.

दुसऱ्याचा डेटा आपल्या नावाने परत टाकू नका. पावसाचे आकडे हवामान विभागाकडून घेतले असतील तर मूळ ठिकाणाचा दुवा, उतरवल्याची तारीख आणि तुमचा कोड एवढंच द्या.

११. जर्नल निवडताना

यूजीसी-केअर ही मान्य जर्नलची यादी २०१९ पासून सगळ्यांच्या तोंडी होती, तिचं काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या केंद्रातून चाले. २०२५ मध्ये यूजीसीने ती बंद केली. तरीही ‘केअर यादीत आहे’ म्हणून पैसे मागणारे मेल येत राहतात. त्यांना उत्तर देऊ नका. खुलं जर्नल डीओएजे या निर्देशिकेत आहे का बघा, संपादक मंडळातल्या एक-दोघांची नावं त्यांच्या संस्थेच्या पानावर तपासा, आणि शुल्क पेपर पाठवण्याआधी विचारा. शुल्क परवडत नसेल तर बऱ्याच जर्नलमध्ये स्वीकृत मसुदा संस्थेच्या रिपॉझिटरीत ठेवायची परवानगी असते, एक रुपयाही न भरता.

१२. प्रसिद्ध करण्याआधी

तुमच्या विषयाबाहेरच्या एका मित्राला सगळं फोल्डर द्या आणि थिसिसमधला एक आकडा पुन्हा काढायला सांगा. तुम्ही जवळ बसू नका. तो ज्या ज्या प्रश्नासाठी तुम्हाला फोन करेल, त्या प्रत्येकाचं उत्तर रीडमीत घाला. फोन येणं थांबलं की प्रसिद्ध करा. मग डीओआय थिसिसच्या पद्धतीच्या प्रकरणात आणि परिशिष्टात लिहा, आणि हे शोधगंगेवर (देशभरातल्या थिसिसच्या ऑनलाइन संग्रहावर) जाणारी पीडीएफ तयार होण्याआधी करा, कारण ती एकदा चढली की दुरुस्तीसाठी पुन्हा विद्यापीठाकडे अर्ज करावा लागतो.